पेलाभर पाण्यातली बोरमाळ

गेल्या श्रावणातल्या एका दुपारी आईने कपाटातला पत्र्याचा डबा काढून माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "एकदाचे सगळे वजन करून वहीत लिहून ठेव, म्हणजे मी सुटले." डब्यात सुटण्यासारखे फारसे काही नव्हते. दोन पाटल्या, एक बोरमाळ, मोत्यांची नथ आणि फडक्यात बांधलेली चांदीची जोडवी, एवढाच ऐवज. माझ्याजवळ ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा तळहाताएवढा काटा होता. मुलीने कॉफी मोजूनमापून करण्याच्या हौसेने मागवलेला आणि हौस फिटल्यावर माझ्या टेबलावर येऊन पडलेला. त्यावर सगळे तोलून दहा मिनिटांत मोकळे होता आले असते. पण बाहेर बोरिवलीचा पाऊस कोसळत होता, कुठे जायचे नव्हते, आणि काटा समोर असताना नुसत्या वजनावर समाधान मानणे माझ्या स्वभावात नाही. वजन सांगते की वस्तू किती आहे. ती कशाची आहे ते सांगत नाही. त्यासाठी तिने किती जागा व्यापली आहे तेही मोजावे लागते, आणि वाकड्यातिकड्या दागिन्याची जागा पट्टीने मोजता येत नाही.

यावर एक सोपी युक्ती आहे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा आणि आकडा शून्यावर आणायचा. मग वस्तू बारीक दोऱ्याला बांधून ती पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही, अशी हातात धरायची. वस्तू हाताला लोंबत असल्यामुळे तिचे सगळे वजन काट्यावर येत नाही. येतो तो फक्त तिने बाजूला सारलेल्या पाण्याचा भार. एक घन सेंटिमीटर पाण्याचे वस्तुमान जवळजवळ एक ग्रॅम असल्यामुळे, काट्यावर ग्रॅममध्ये उमटलेला आकडा हेच त्या वस्तूचे घन सेंटिमीटरमधले आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता हाती येते. शाळेत 'घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान' हे सूत्र पाठ केले होते, तेव्हा त्याचा उपयोग स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होईल असे वाटले नव्हते.

पहिली पाटली कोरडी २३.३६ ग्रॅम भरली. पाण्यात सोडल्यावर काटा थोडा वेळ थरथरला आणि १.३२ वर स्थिरावला. भागाकार आला १७.७. शुद्ध सोन्याची घनता १९.३ असते, २२ कॅरटच्या सोन्यात शंभरात साडेआठ भागांच्या आसपास तांबे आणि चांदी असते, आणि त्यांचे प्रमाण कसे आहे त्यानुसार मिश्रणाची घनता १७.६ ते १८ च्या दरम्यान पडते. दुसरी पाटलीही त्याच घरात बसली. आजीच्या लग्नातल्या पाटल्यांनी माझ्या शाळकरी शास्त्राची परीक्षा घेतल्यासारखे मला वाटले, आणि मी खुशीत बोरमाळ उचलली.

बोरमाळ १६.३८ ग्रॅम होती. पाण्यात सोडल्यावर काट्याने ३.०९ दाखवले. मला वाटले बुडबुडा अडकला असेल, म्हणून माळ वर काढली, झटकली, पेल्यातले पाणी बदलले, पुन्हा सोडली. पुन्हा तेच. घनता ५.३.

या आकड्याने मी का हबकलो, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणत असू, लालबागच्या एका कापडगिरणीत ब्लो रूममध्ये, म्हणजे कापूस फोडून पिंजण्याच्या खात्यात, होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होतो. पहिले दोन महिने उसनवारीवर निघाले. त्यानंतर आईची बोरमाळ गहाण गेली. ती सुटून परत यायला जवळजवळ तीन वर्षे लागली, आणि तोपर्यंत भाऊंची गिरणीतली नोकरी कायमची गेली होती. ज्याच्याकडे माळ ठेवली होती तो माणूस आता हयात नाही, त्याचे दुकानही नाही. पण ५.३ हा आकडा पाहताच माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की त्याने माळ बदलली. चाळीस वर्षे आई सोन्याचा मुलामा दिलेली पितळेची बोरे गळ्यात घालून सणावारी मिरवत राहिली, आणि आमच्यापैकी कुणाला कळलेसुद्धा नाही. मेलेल्या माणसावर आळ घ्यायला वेळ लागत नाही. मला फार तर अर्धा मिनिट लागला असेल.

आईला काही बोललो नाही. वहीत फक्त वजन लिहिले आणि डबा परत ठेवला. रात्री मात्र झोप लागेना, आणि अशा वेळी मन जिथे जाते तिथे ते गेले, म्हणजे फारच मागे.

चौथीत असताना बाईंनी तो सनातन प्रश्न आम्हाला विचारला होता: एक किलो लोखंड जड की एक किलो कापूस? सगळा वर्ग ओरडला, लोखंड. बाई हसल्या, दोन्ही सारखेच असे म्हणाल्या आणि पुढच्या धड्याकडे वळल्या. मला ते उत्तर पटले नाही. बरोबर आहे हे कळत होते, पण सगळा वर्ग एका आवाजात चुकतो तेव्हा त्या चुकीतही काहीतरी खरे असणार असे वाटत होते. आज मला वाटते की दोष आमच्यापेक्षा 'जड' या शब्दाचा जास्त होता. मराठीत आपण धान्याचे पोते जड म्हणतो आणि शिसेही जड म्हणतो. पहिल्या वेळी आपण वजनाबद्दल बोलत असतो आणि दुसऱ्या वेळी घनतेबद्दल, पण शब्द एकच वापरतो आणि ऐकणाऱ्याने समजून घ्यावे अशी अपेक्षा ठेवतो. वर्गाने 'लोखंड' म्हटले ते दुसऱ्या अर्थाने. बाईंनी पकडले ते पहिल्या अर्थाने.

त्या संध्याकाळी पहिली पाळी संपवून आलेल्या भाऊंना मी तोच प्रश्न टाकला. त्यांच्या भुवयांवर आणि कानाच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले असत; मोरीत तोंड धुताना ते आधी फुंकर मारून उडवत. टॉवेलने मान पुसत ते म्हणाले, "कापूस हलको नसता रे, त्येतली हवा हलकी असता." आणि चहा प्यायला बसले. ब्लो रूम हे गिरणीचे तोंड. तिथे कापसाच्या दाबलेल्या गाठी येतात, पत्र्याच्या पट्ट्या तोडल्या जातात, आणि १७० किलोंची ती घट्ट, कोपरे असलेली, दगडासारखी वस्तू श्वास घेतल्यासारखी फुगू लागते. ती फोडून, पिंजून, झटकून पुढच्या खात्याला पाठवणे हेच भाऊंचे काम. दिवसाला अशा कितीतरी गाठी ज्याने फुगताना पाहिल्या, त्याला कापूस आणि हवा यांतला फरक पुस्तकातून शिकावा लागला नाही.

हा फरक मुंबईला भाऊंच्या आधी शंभर वर्षांपासून ठाऊक होता. जहाजावर कापूस चढवताना वजनाची मर्यादा येण्याच्या खूप आधी जागा संपते, आणि म्हणून अशा मालाचे भाडे जागेवर ठरते. एका गाठीत जितका जास्त कापूस कोंबता येईल तितका तो विलायतेला स्वस्तात पोहोचणार, म्हणून कुलाब्याला कापूस दाबण्याचे कारखाने उभे राहिले. कॉटन ग्रीन स्टेशनाच्या नावात तो सगळा व्यापार अजून शिल्लक आहे, जरी तिथे उतरणाऱ्या बहुतेकांना त्यात कापूस दिसत नसला तरी. लोहखनिजाचे याच्या नेमके उलट असते. जहाजाच्या पोटात खनिजाचे बुटके ढीग पडलेले असतात, वरची बरीचशी जागा मोकळी असते, आणि तरीही बाहेरच्या अंगावरची भाररेषा पाण्याला टेकलेली असते. पुन्हा ती रेषाही एक नसते. गोड्या पाण्याची वेगळी, खाऱ्याची वेगळी, उष्ण समुद्राची वेगळी. कारण समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा शेकडा अडीचने घन असते आणि तेच जहाज नदीत शिरले की थोडे अधिक बुडते.

ही झाली हवेची गोष्ट. पण सगळा फरक हवेचा असता तर प्रश्न फार सोपा झाला असता. सोन्यात कुठे हवा असते? चांदीत? ॲल्युमिनियमच्या ज्या पातेल्यात चाळीतल्या प्रत्येक घरी भात शिजायचा, ते पातेले भरीव धातूचेच होते, तरी त्याची घनता २.७ आणि शेजारच्या तांब्याच्या हंड्याची ८.९६. हा हंडा हातात घेतला की मनगट आपोआप सावध होते. पायधुणीजवळच्या तांबा काट्याच्या बाजारात आजी भांडी घ्यायला जायची, तेव्हा ती भांडे आधी दोन्ही हातांत घेऊन किंचित वर उडवल्यासारखे करायची आणि मगच दुकानदाराला तोलायला द्यायची. पितळेत जस्त असते, जस्ताची घनता ७.१४, त्यामुळे पितळ तांब्याहून थोडे हलके पडते. आजीला हे आकडे माहीत नव्हते. तिचे हात मात्र त्यातला फरक ओळखत.

भरीव धातूंमधला हा फरक समजून घ्यायला मला दादरच्या फळबाजाराचा आधार घ्यावासा वाटतो. तिथे मोसंब्यांची रास रचणारा विक्रेता खालच्या थरातल्या तीन मोसंब्यांच्या खाचेत वरचे मोसंबे बसवत जातो. एकसारख्या गोळ्यांना याहून दाट रचता येत नाही, आणि तरीही शेकडा २६ भाग जागा रिकामीच राहते. सोने, चांदी, ॲल्युमिनियम आणि शिसे या चारही धातूंचे अणू नेमके असेच रचलेले असतात. म्हणजे रास एकाच पद्धतीची. प्रश्न एवढाच उरतो की मोसंबे केवढे आणि एकेकाचे वजन किती. आता यातली गंमत अशी की सोन्याचा, चांदीचा आणि ॲल्युमिनियमचा अणू आकाराने जवळजवळ सारखा आहे. रचनेतल्या ज्या घनाकृती चौकटीची पुनरावृत्ती होत जाते, तिची बाजू सोन्यात ४.०८ अँगस्ट्रॉम, चांदीत ४.०९ आणि ॲल्युमिनियममध्ये ४.०५, एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. चौकटी सारख्या, रास सारखी. मग ॲल्युमिनियमच्या अणूचे वस्तुमान २७, चांदीचे १०८ आणि सोन्याचे १९७ असेल, तर घनताही त्याच प्रमाणात यायला हव्यात. आणि त्या तशाच येतात, २.७, १०.५ आणि १९.३. मी हा हिशेब त्या रात्री मोबाइलच्या उजेडात पहिल्यांदा मांडला, तेव्हा बोरमाळेचे दुःख काही क्षण विसरलो.

शिसे मात्र या रांगेत बसत नाही, आणि ते बसत नाही म्हणूनच महत्त्वाचे आहे. शिशाचा अणू सोन्याच्या अणूहून जड, २०७. मग शिसे सोन्याहून घन असायला हवे. पण त्याची घनता ११.३, कारण शिशाचा अणू ऐसपैस आहे. त्याची चौकट ४.९५ अँगस्ट्रॉमची. बाजू पाचवा भाग वाढली की घनफळ पाऊणपट वाढते, आणि जड मोसंबे मोठ्या खोक्यात विरळ पडतात. वरळीच्या कोळीवाड्यात जाळ्याच्या खालच्या दोरीला ओवलेले शिशाचे मणी हातात घेतले की यापेक्षा जड काही नसेल असे वाटते. प्रत्यक्षात तेवढाच सोन्याचा मणी त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट भरेल. जुन्या दहा तोळ्यांच्या सोन्याच्या बिस्किटाचे वजन ११६.६४ ग्रॅम, पण ते वितळवले तर औषधाच्या बाटलीच्या टोपणात मावेल, जेमतेम सहा घन सेंटिमीटर. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीत सोने भरले तर ती साडेनऊ किलोंहून जास्त भरेल, आणि सकाळी दूध टाकणारा मुलगा ती एका बोटाला अडकवून जिने चढू शकणार नाही.

गर्दीच्या लोकलचे उदाहरण देण्याचा मोह मी इथे टाळतो. ते सगळेच देतात, आणि त्याने अर्धीच गोष्ट कळते. गर्दी वाढली म्हणून माणूस जड होत नाही. सोन्यात दोन्ही गोष्टी एकत्र येतात: अणू जड, आणि तो स्वतःला आवरूनही घेतो. चांदीहून ३२ इलेक्ट्रॉन जास्त असून सोन्याचा अणू चांदीच्या अणूपेक्षा मोठा होत नाही, यामागे एक विलक्षण कारण आहे. त्याच्या केंद्रकातले ७९ प्रोटॉन सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांना इतक्या जोराने खेचतात की त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याच्या पुढे जातो, आणि त्या वेगाला सापेक्षतेचे नियम लागू होऊन कक्षा आकसतात. सोन्याचा पिवळा रंगही याच आकसण्यातून येतो. म्हणजे झवेरी बाजारात ज्या रंगाला आणि ज्या वजनाला भाव मिळतो, त्या दोन्हींच्या मुळाशी काही प्रमाणात सापेक्षता बसलेली आहे.

पहाटे कधीतरी मला माझी चूक दिसली, आणि ती आकड्यातच होती. बोरे पितळेची असती तर घनता ८.५ च्या आसपास यायला हवी होती. तांब्याची असती तर ९ च्या जवळ. लबाडाला परवडणारा, मुलामा चढवण्याजोगा एकही नेहमीचा धातू ५.३ वर येत नाही, लोखंडही ७.८७. माझ्याच मोजमापाने त्या माणसाला निर्दोष ठरवले होते, आणि मी आकडा न वाचता फक्त तो १७.७ नाही एवढेच पाहिले होते. बोरांच्या आत धातूच नव्हे असे, पाण्याच्या जवळपास हलके काहीतरी होते.

तरी खात्री करावी म्हणून आईला घेऊन झवेरी बाजारात एका जुन्या कारागिराकडे गेलो. जाताना गाडीत तिला सगळे सांगितले. ती काही बोलली नाही; खिडकीबाहेर बघत राहिली. कारागिराने माळ घेतली, एक बोर काळ्या कसोटीच्या दगडावर घासले, त्या पिवळ्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला आणि रेघ टिकलेली पाहून मान हलवली. मग डोळ्याला भिंग लावून बोराच्या भोकात पाहिले आणि माळ माझ्यासमोर धरली. भोकाच्या आत, सोन्याच्या पातळ कडेला लागून, लालसर काळपट काहीतरी होते. "लाख आहे, साहेब. बोरमाळ लाखेचीच असते. पत्रा एवढा पातळ, आत काही भरले नाही तर बोटाने दाबला तरी चेपेल." मी काट्याची आणि पेल्याची गोष्ट सांगितल्यावर त्याने सहानुभूतीने ऐकून घेतले, जशी आपण मुलांची हुशारी ऐकून घेतो.

आई तेव्हा शांतपणे म्हणाली, "पावती आहे की घरी. लाखेसकट असे लिहिलेय तिच्यावर." आणि खरोखरच, डब्याच्या तळाशी घातलेल्या वर्तमानपत्राच्या घडीखाली ती होती, १९८२ ची, गहाणाची: बोरमाळ नग १, लाखेसकट १६ ग्रॅम ४०० मिलि. चाळीस वर्षांत दोन शतांश ग्रॅमची झीज.

आता उलटा हिशेब सोपा होता. लाखेची घनता पाण्याहून किंचित जास्त, १.१ धरली, सोन्याची १७.७ धरली आणि दोऱ्याचे वजन सोडून दिले, तर १६.३८ ग्रॅममध्ये सोने सुमारे १३.८ ग्रॅम आणि लाख अडीच ग्रॅमच्या थोडी वर निघते. वजनात लाखेचा वाटा सहाव्या भागाहून कमी. पण जागेचा हिशेब केला तर बोरांचा तीन चतुर्थांश भाग लाखेचा आहे. ज्याला आम्ही सोन्याची माळ म्हणतो ती व्यापलेल्या जागेच्या दृष्टीने लाखेची माळ आहे आणि तिच्यावर सोन्याचे पांघरूण आहे.

कसोटीचा दगड काय, आणि हॉलमार्कच्या केंद्रात वापरतात ते क्ष-किरणांचे यंत्र काय, दोन्ही प्रामुख्याने पृष्ठभागाचीच साक्ष देतात. पेलाभर पाणी मात्र वस्तूच्या सगळ्या अंगाची साक्ष देते. म्हणून आर्किमिडीजच्या मुकुटाची गोष्ट इतकी टिकली असावी. ती गोष्ट आपल्याला व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकारामुळे माहीत आहे, आणि त्याने ती आर्किमिडीजनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी लिहिली. भांड्यातून सांडलेले पाणी मोजून सोनाराने मुकुटात चांदी मिसळल्याची लबाडी उघड झाली, असे तो सांगतो. मला हे पटत नाही. एक किलोच्या मुकुटात ३०० ग्रॅम चांदी मिसळली तर आकारमान वाढेल सुमारे १३ घन सेंटिमीटरने, आणि वीत-सव्वा वीत तोंडाच्या भांड्यात तेवढ्याने पाण्याची पातळी अर्धा मिलिमीटरही चढणार नाही. पाणी काठावर नुसते फुगून राहील, सांडेल की नाही हेही सांगता येणार नाही. गॅलिलिओलाही ते पटले नव्हते. १५८६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने एक छोटे टिपण लिहून सुचवले की आर्किमिडीजने पाणी सांडवले नसणार, वस्तू तराजूला टांगून पाण्यात तोलली असणार. त्या तराजूवर १३ ग्रॅमचा फरक कुणालाही दिसेल. माझा कॉफीचा काटा गॅलिलिओच्या बाजूने आहे.

अर्थात पाण्यालाही फसवता येते. टंगस्टनची घनता १९.२५, सोन्याच्या इतकी जवळ की त्याची कांडी आत दडवलेले सोन्याचे बिस्किट वजन आणि आकारमान या दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण होते. मग ध्वनिलहरींचा आधार घ्यावा लागतो, कारण टंगस्टनमधून आवाज सोन्यापेक्षा कितीतरी वेगाने जातो. निसर्गाने दोन इतके वेगळे धातू घनतेच्या बाबतीत शेजारी आणून ठेवले यामागे मला काही हेतू दिसत नाही, केवळ योगायोग दिसतो. पण चोरांच्या दृष्टीने तो फार सोयीचा योगायोग आहे.

भाऊंचे वाक्य मला अलीकडे वेगळ्याच ठिकाणी पुन्हा भेटले. कापसाचा तंतू ज्या सेल्युलोजचा बनलेला असतो त्याची घनता साधारण दीड, म्हणजे पाण्याच्या दीडपट. आणि लाकडाच्या पेशींच्या भिंतींची घनताही दीडच, मग ते लाकूड कुठलेही असो. सागवान ०.६५ च्या आसपास भरते, खेळण्यातली विमाने करतात ते बाल्सा ०.१५ च्या आसपास. फरक फक्त भिंती किती जाड आणि मधल्या पोकळ्या किती मोठ्या याचा. म्हणजे ससून डॉकला नांगरलेल्या लाकडी होड्यांचे लाकूड, भिंतींपुरते पाहिले तर, पाण्यात बुडणाऱ्या पदार्थाचे आहे, आणि ते तरंगते ते आतल्या हवेमुळे. तिथेच मासळीवर टाकलेल्या बर्फाची गोष्ट वेगळी. त्यात हवा नसली तरी तो ०.९१७ चा असतो, कारण गोठताना पाण्याचे रेणू एकमेकांना ठरावीक अंतरावर हात लांब करून धरतात आणि मधे जागा सोडतात. पोकळी तिथेही आहे, फक्त ती कुणाच्या मालकीची नाही.

आणि खरे सांगायचे तर सोन्यातही तीच आहे. सोन्याच्या अणूचे केंद्रक अणूच्या मानाने सुमारे २०,००० पट लहान असते. बोरमाळेतला एक मणी सेंटिमीटरभराचा धरून त्याला केंद्रक मानले, तर अणूचा व्यास दोनशे मीटर होईल, पूर्वीच्या नऊ डब्यांच्या लोकलएवढा. आणि त्या सगळ्या पसाऱ्याचे जवळजवळ सर्व वस्तुमान त्या एका मण्यात. १९०९ मध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या वर्खावर अल्फा कण सोडले तेव्हा बहुतेक कण काहीच वाटेत नसल्यासारखे आरपार गेले, आणि मोजकेच मागे उसळले. त्यावरून रदरफोर्डने १९११ मध्ये केंद्रकाची कल्पना मांडली. या केंद्रकातल्या द्रव्याची घनता एका घन सेंटिमीटरला सुमारे २३ कोटी टन, आणि हा आकडा सोन्याला एक, ॲल्युमिनियमला दुसरा असा नाही. तो जवळजवळ सगळ्यांना सारखाच आहे. म्हणजे भात शिजवायचे पातेले आणि आजीची पाटली मुळात एकाच घनतेच्या द्रव्याची आहेत. एकात रिकामी जागा जास्त, दुसऱ्यात थोडी कमी.

झवेरी बाजारातून परतल्यावर त्याच संध्याकाळी मी दोन पेले पाण्याने भरले. एकात औषधाच्या दुकानातून आणलेल्या कापसाचा बोळा टाकला. या कापसावरचे नैसर्गिक मेण धुऊन काढलेले असते, आणि तो दहा सेकंदांच्या आत बुडालाच पाहिजे अशी औषधकोशाची अट आहे. माझा बोळा चारपाच सेकंदांतच भिजून तळाला गेला. दुसऱ्या पेल्यात आईच्या वातींच्या डब्यातला देवकापूस टाकला. तो मेण अंगावर असलेला, गिरणीत यायचा तसा कच्चा. तो पाण्यावर पसरून ऐटीत तरंगत राहिला. मी त्याला बोटाने खाली दाबला, बुडबुडे आले, बोट काढताच तो पुन्हा वर. मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला. तंतू काळवंडल्यासारखे पारदर्शक होत गेले, कडेने बारीक बुडबुड्यांची एक माळ सुटली, आणि तो बोळा वाकडा होत, अंग टाकत, खाली जाऊ लागला.

आई दारात उभी होती. "वातींचा कापूस आहे तो," ती म्हणाली.

मी म्हटले, "भाऊ सांगायचे ना, कापूस हलका नसतो म्हणून."

"सांगायचे," ती पेल्यात वाकून बघत म्हणाली. "पण ते कापूस वाया नाही घालवायचे."